मंडळाच्या सहलीतला हॉट डॉग स्टॉल : प्रकल्प नोंदी

५ एप्रिल, शनिवार

मंडळाच्या उन्हाळी सहलीची तारीख ठरली. १९ जुलै, शिकागोच्या कुक काउंटीच्या फॉरेस्ट प्रिझर्व्हमधला (राखीव जंगलातला) एक मोठा ग्रोव्ह, म्हणजे सहलीची जागा. खाण्याचा एक स्टॉल मी आजच्या बैठकीत मागून घेतला. दरवर्षी ग्रिलवर सॉसेज भाजायची, बनमध्ये घालायची, शेजारी केचप-मस्टर्डच्या बाटल्या ठेवायच्या, झालं. शिकागोत राहून असा हॉट डॉग खायचा हे मला पटत नाही आणि तसं मी बोलून दाखवलं. या देशात जवळजवळ प्रत्येक मोठ्या शहराचा हॉट डॉग वेगळा आहे आणि त्या वेगळेपणामागे ठरावीक काळात, ठरावीक गावाहून आलेली माणसं आहेत. यंदा हे सगळं टेबलावर मांडायचं.

अटी तिथल्या तिथे ठरल्या. बीफ नको, पोर्क नको, चिकन चालेल. साधारण १२० माणसं येतील, त्यातली निम्मी शाकाहारी. वहिनी भोजन समितीच्या प्रमुख आहेत. त्या म्हणाल्या, "आम्हा शाकाहारी लोकांच्या ताटात दरवेळी नुसता बन आणि चिप्स पडतात. या वेळी तसं झालं तर मी बोलेन हं." त्यांचं म्हणणं रास्त आहे. शाकाहारी बाजू चिकनच्या बाजूइतकीच भरभक्कम असायला हवी.

मग प्रश्न उरतो तो असा: मूळचं सॉसेजच काढून घेतलं तर त्याला शिकागोचा किंवा डेट्रॉइटचा हॉट डॉग म्हणायचं कोणत्या तोंडाने? माझं मत असं की बहुतेक शहरांची ओळख पावात, वरच्या टॉपिंगमध्ये आणि ते घालण्याच्या क्रमात असते. जिथे ती सॉसेजमध्येच आहे, ते शहर टेबलावर घ्यायचं नाही. पुढचे काही आठवडे हेच तपासायचं.

१२ एप्रिल, शनिवार

लांबलचक यादी केली. शिकागो, न्यूयॉर्क, डेट्रॉइट, मिशिगनमधलंच फ्लिंट, सिनसिनाटी, वेस्ट व्हर्जिनिया, ऱ्होड आयलंड, न्यू जर्सी (तिथल्या तर दोन-तीन तऱ्हा), वॉशिंग्टन, कॅन्सस सिटी, सिएटल, अ‍ॅरिझोनातलं टूसॉन, ईशान्येकडचं मेन राज्य.

काही नावं लगेच खोडली. मेनमध्ये लालभडक रंगाचं सॉसेज असतं, त्याला रेड स्नॅपर म्हणतात. तिथे रंग आणि दाताखाली फुटणारं आवरण हेच सगळं, टॉपिंग नावापुरतं. न्यू जर्सीत क्लिफ्टनला रट्स हट नावाचं १९२८ पासूनचं ठिकाण आहे, तिथे सॉसेज तेलात तळतात आणि त्याची कातडी तडकून फाटते. त्या फाटलेल्या हॉट डॉगला 'रिपर' म्हणतात. तो मी खाल्लाय आणि मला अतिशय आवडतो, पण चिकनच्या बिनकातडीच्या सॉसेजला तसं फाटता येत नाही. खोडला.

टूसॉनचं नाव खोडताना जड गेलं. तिथला सोनोरन हॉट डॉग सीमेपलीकडच्या सोनोरा राज्यातून आलेला. सॉसेजला बेकन गुंडाळून भाजायचं, मऊ आणि किंचित गोडसर मेक्सिकन पावात घालायचं, वर पिंटो बीन्स, टोमॅटो, कांदा, मेयोनेज, मस्टर्ड, हालापेन्यो मिरचीची साल्सा, बाजूला भाजलेली पिवळी मिरची. एल ग्वेरो कानेलो या तिथल्या दुकानाला २०१८ साली जेम्स बिअर्ड फाउंडेशन या खाद्यक्षेत्रातल्या संस्थेचा 'अमेरिकाज क्लासिक्स' पुरस्कार मिळाला. बीन्स, साल्सा, मिरची हे सगळं आपल्या जिभेला जवळचं. पण बेकनची चरबी सॉसेजवर वितळते आणि पावात मुरते, तीच त्याची जान. टर्कीचं बेकन लावून त्याला सोनोरन म्हणणं मला जमणार नाही.

१९ एप्रिल, शनिवार

घरचं शहर आधी. शिकागो.

पाव खसखस लावलेला, वाफवलेला. पिवळं मस्टर्ड, डोळ्यांत भरणारं हिरवं गोड रेलिश (बारीक चिरलेल्या काकडीचं लोणचं), बारीक चिरलेला पांढरा कांदा, टोमॅटोच्या फोडी, डिल (शेपू) घालून मुरवलेली, उभी चिरलेली काकडी, दोन स्पोर्ट पेपर आणि शेवटी सेलरी सॉल्ट. एवढंच, आणि याच क्रमाने. टोमॅटो एका बाजूला पाव आणि सॉसेजच्या फटीत, काकडी दुसऱ्या बाजूला, मिरच्या वर. यातलं एक जरी विसरलं तरी इथला माणूस लगेच ओळखतो.

आज लेकीबरोबर हे सगळं घरी मांडून बघितलं. सेलरी सॉल्टकडे माझं आजवर कधी नीट लक्ष गेलं नव्हतं. सेलरीच्या बिया आणि मीठ एकत्र दळलेलं, बस्स. पण ते न घालता एक घास आणि घालून एक घास घेतला तर फरक कळतो. त्याशिवाय रेलिश आणि टोमॅटोचा गोडवा पुढे येतो. ते घातलं की किंचित कडसर, हिरवट चव येते आणि गोड, आंबट, तिखट हे सगळे एका रांगेत बसतात. स्पोर्ट पेपर म्हणजे बोटाच्या पेराहून जरा मोठ्या, व्हिनेगरमध्ये मुरवलेल्या मिरच्या. तिखटपणा माफक, पण चावल्यावर आतलं आंबट पाणी जिभेवर उडतं. पिवळ्या मस्टर्डचा रंग हळदीचा असतो, हे लेकीला बाटलीवर वाचून दाखवलं. तिला फार आनंद झाला.

केचप नाही. नॅशनल हॉट डॉग अँड सॉसेज कौन्सिलने शिष्टाचाराचे जे नियम दिलेत त्यात १८ वर्षांनंतर हॉट डॉगवर केचप घालू नये असं म्हटलंय, आणि शिकागोत तो नियम मनापासून पाळला जातो. कारण साधं आहे. टोमॅटो आहे, गोड रेलिश आहे, आणखी साखर घातली तर मिरची आणि सेलरी दोन्ही बुडतात. आपल्या स्टॉलवर केचपची बाटली मुलांच्या टेबलावर राहील, मोठ्यांच्या नाही.

शाकाहारी सॉसेज घालूनही खाल्लं. पहिल्या घासातच शिकागो लागलं. माझं म्हणणं निदान या शहरापुरतं खरं ठरलं.

२० एप्रिल, रविवार

काकांना भेटायला गेले. मंडळाच्या सुरुवातीच्या पिढीतले. सत्तरच्या दशकात ते इथे इलिनॉय विद्यापीठाच्या सर्कल कॅम्पसवर शिकायला आले. मॅक्सवेल स्ट्रीटचा बाजार तिथून चालण्याच्या अंतरावर. हा बाजार ज्यू स्थलांतरितांनी उभा केला, नंतर तिथे दक्षिणेतून आलेले काळे लोक आणि मेक्सिकन लोकही धंदा करू लागले. रस्त्यावर ब्लूज वाजवणारे, जुने टायर विकणारे, आणि कोपऱ्यावर परतलेल्या कांद्याचा वास. मॅसिडोनियाहून आलेल्या जिमी स्टेफानोविच यांनी १९३९ साली तिथे सुरू केलेलं दुकान 'जिम्स ओरिजिनल' या नावाने अजून चालू आहे, पण बाजार १९९४ साली तिथून हलवला आणि आजूबाजूच्या बहुतेक इमारती पुढे पाडल्या गेल्या.

काका तेव्हा मांसाहार करत नसत. म्हणाले, "अगं, मी बनमध्ये नुसता परतलेला कांदा, मस्टर्ड आणि मिरच्या घालून मागायचो. वर फ्राइज. पहिल्यांदा तो माणूस माझ्याकडे बघतच राहिला. नंतर मला बघितलं की न विचारता तसंच द्यायचा. थंडीत त्या कांद्याच्या वासानेच पोट अर्धं भरायचं." हे मी शब्दशः लिहून घेतलंय. स्टॉलवरच्या फलकावर शिकागोच्या खाली हेच लावणार, त्यांनी परवानगी दिली.

फलकासाठी आणखी टिपणं: व्हिएन्ना बीफ या शिकागोच्या सॉसेज कंपनीचे संस्थापक एमिल रायखल आणि सॅम लादानी ऑस्ट्रिया-हंगेरीहून आले आणि १८९३ च्या शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात त्यांनी आपली सॉसेज विकली. पुढे १९२९ नंतरच्या मंदीत पाच सेंटांत सॉसेजसोबत भाज्या आणि फ्राइज देणारे गाडे मॅक्सवेल स्ट्रीटवर चालले. पाच सेंटांत पोट भरायचं तर भाज्याच भराव्या लागणार. शिकागोजवळच्या रिव्हर ग्रोव्हच्या 'जीन अँड ज्यूड्स'मध्ये अजून त्याच वळणाचा हॉट डॉग मिळतो: मस्टर्ड, कांदा, रेलिश, मिरच्या आणि वर गरम फ्राइजचा ढीग. टोमॅटोसुद्धा नाही.

३ मे, शनिवार

डेट्रॉइट. आम्ही दोघं आणि लेक सकाळी लवकर गाडीने निघालो.

लाफायेट बुलेव्हार्डवर 'अमेरिकन कोनी आयलंड' आणि 'लाफायेट कोनी आयलंड' ही दोन दुकानं भिंतीला भिंत लावून उभी आहेत. ग्रीसहून आलेल्या गस्ट केरोस यांनी १९१७ साली पहिलं सुरू केलं, शेजारचं त्यांच्या भावाचं. एकाच घराण्यातून आलेले दोन सॉस, आणि शहर शंभर वर्षं दोन गटांत वाटलेलं. काउंटरवर शेजारी बसलेल्या एका आजोबांना विचारलं की तुम्ही कुठले, तर त्यांनी गावाचं नाव न सांगता "लाफायेट" म्हणून सांगितलं.

दोन्हीकडे खाल्लं. मऊ वाफवलेला पाव, पातळ आवरणाचं सॉसेज, त्यावर डावभर सॉस, मस्टर्डची एक रेघ आणि मूठभर कच्चा पांढरा कांदा. मांसाचा असा सॉस घातलेल्या हॉट डॉगला इथे 'कोनी' म्हणतात. सॉसमध्ये बीन्स नाहीत. मांस इतकं बारीक की त्याचे कण वेगळे ओळखू येत नाहीत, आणि सॉस सरसरीत, पावात उतरणारा. काट्याने खावं लागतं. लाफायेटमध्ये वाढपी डाव्या हातावर कोपरापर्यंत बश्यांची रांग लावून चालत येतो आणि एकेक बशी पत्ते वाटावेत तशी काउंटरवर सरकवतो. लेक खाणं सोडून तेच बघत बसली.

कांद्याचं मला विशेष वाटलं. आपण शोभेला भुरभुरतो तसा नाही, सॉस झाकून टाकेल इतका. मांसाच्या जडपणाला तोडायचं सगळं काम तोच करतो. आपल्या स्टॉलवर कांद्यात हात आखडायचा नाही, वहीत ठळक लिहिलं.

परत येताना फ्लिंटला जायला वेळ उरला नाही, तो रस्ता वेगळा आहे. तिथला सॉस कोरडा, खिम्यासारखा सुटा असतो आणि खाली केगेल कंपनीचंच सॉसेज लागतं. एका राज्यात, सत्तरेक मैलांच्या अंतरावर, सॉस ओला की सुका यावरून दोन पंथ! आपल्यासाठी डेट्रॉइटचा ओला सॉस बरा. चिकनचा खिमा बारीक करून जमेल.

१० मे, शनिवार

सिनसिनाटीचा दिवस. यात मी सगळ्यात जास्त रमले.

मॅसिडोनियाहून आलेल्या टॉम आणि जॉन किराजिएफ या भावांनी १९२२ साली सिनसिनाटीत 'एम्प्रेस' नावाच्या थिएटरला लागून छोटं दुकान टाकलं आणि आपल्या प्रांतातल्या मसाल्यांचा खिमा अमेरिकन पद्धतीने विकायला सुरुवात केली. १९४९ साली ग्रीसच्या निकोलस लाम्ब्रिनिदिस यांनी 'स्कायलाइन' काढलं. आज त्या शहरात हाच खिमा स्पॅगेटीवर घालतात आणि हॉट डॉगवरही. हॉट डॉगवर घातला की तो चीझ कोनी: छोटा पाव, छोटं सॉसेज, मस्टर्ड, खिमा, कांदा, आणि वर रेशमासारख्या बारीक किसलेल्या चेडरचा डोंगर.

खिम्यात दालचिनी, लवंग, ऑलस्पाइस (लवंग-दालचिनीच्या वासाचे, मिरीसारखे दाणे), जिरं, तमालपत्र, व्हिनेगर आणि घरगुती कृतींत बऱ्याचदा चमचाभर कोको. परतणं नाही. कच्चा खिमा थंड पाण्यात हाताने कुस्करून मोकळा करायचा आणि तसाच मंद शिजवायचा, म्हणजे तो पिठूळ, एकजीव होतो. आपल्याकडे खिमा म्हटलं की आधी कांदा लाल होईपर्यंत परतायचा, त्यामुळे पहिल्यांदा हात थबकतो. पण पद्धत तीच ठेवली.

शाकाहारी सॉससाठी सोया खिमा आणि मसूर असे दोन प्रयोग केले. सोया चिवट राहिला आणि मसाला त्याच्या आत गेलाच नाही. मसूर मात्र अप्रतिम. मी कोल्हापूरची, अख्खा मसूर आमच्या घरात आठवड्याला व्हायचा, त्यामुळे तो किती शिजवायचा आणि कुठे थांबायचं हे हाताला माहीत आहे. प्रमाण लिहून ठेवते: अर्धा किलो अख्खा मसूर रात्रभर भिजवून, दोन कांदे किसून, एक वाटी टोमॅटो प्युरी, दोन चमचे लाल तिखट, दोन चमचे जिरेपूड, एक चमचा दालचिनी पूड, अर्धा चमचा ऑलस्पाइस, पाव चमचा लवंग पूड, दोन तमालपत्रं, एक चमचा कोको, दोन चमचे व्हिनेगर, मीठ. फोडणी नाही. शिजल्यावर निम्मा मसूर डावाने घोटायचा आणि निम्मा तसाच ठेवायचा. रात्रभर फ्रिजमध्ये मुरू द्यायचा, दुसऱ्या दिवशी दालचिनी शांत होते आणि चव गोल लागते. वूस्टरशर सॉस बऱ्याच कृतींत सांगितलेला असतो. त्यात अँचोव्ही मासा असतो, म्हणून शाकाहारी पातेल्यात तो घालायचा नाही.

वहिनींना डबा पाठवला. रात्री फोन आला. "दालचिनी-लवंग घालून मसूर मी जन्मात केला नसता, पण पोळीबरोबर सुद्धा संपला," म्हणाल्या.

१७ मे, शनिवार

न्यूयॉर्क. तिथल्या रस्त्यावरच्या गाड्यांवर सॉसेज कोमट-गरम पाण्यात तासन् तास पडलेलं असतं, वर तपकिरी तिखट मस्टर्ड, सॉवरक्राउट (आंबवलेला कोबी) आणि टोमॅटोत शिजवलेला लालसर कांदा. सॉवरक्राउट जर्मनांचं. न्यूयॉर्कच्या कोनी आयलंड या समुद्रकिनाऱ्याच्या भागात चार्ल्स फेल्टमन या जर्मन बेकरपासून ही गोष्ट सुरू होते. त्यांच्याकडे काम करणाऱ्या, पोलंडहून आलेल्या नेथन हँडवर्कर यांनी १९१६ साली स्वतःचं 'नेथन्स' काढलं आणि मालकाच्या निम्म्या भावात, पाच सेंटांत, हॉट डॉग विकला.

कांद्याचा सॉस सोपा: पातळ उभा कांदा तेलात मऊ करायचा, लाल करायचा नाही, मग टोमॅटो पेस्ट, थोडं तिखट, चिमूट दालचिनी, पाणी, आणि कांदा अगदी लोळेपर्यंत मंद आच. टेबलावर नक्की.

२६ मे, सोमवार, मेमोरियल डे

सुट्टी होती म्हणून मागच्या अंगणात चार घरांना बोलावलं. चार शहरं मांडली. लोकांनी डेट्रॉइट आणि सिनसिनाटी शेजारी शेजारी खाल्लं आणि दोन्ही 'कोनी' असूनही किती वेगळी, यावर तासभर बोलणं चाललं. मला हेच हवं होतं. फक्त सॉसेज हातात दिलं असतं तर असं बोलणं निघालं नसतं.

लहान मुलांसाठी एक पक्का नियम केला. गोल चकत्या करायच्या नाहीत. सॉसेजची गोल चकती लहान मुलाच्या घशात नेमकी अडकते. चार वर्षांच्या आतल्या मुलांना उभं चिरून, मग बारीक तुकडे करून द्यायचं. हे मुलांच्या टेबलावर मोठ्या अक्षरात लावणार.

३१ मे, शनिवार

सॉसेज खरेदीची चौकशी. नुसतं 'चिकन' लिहिलेलं पुरत नाही, आवरण बघावं लागतं. नैसर्गिक आवरण बहुतेक वेळा मेंढीच्या आतड्याचं. कोलॅजनचं आवरण सहसा गाईच्या कातड्यापासून बनतं. म्हणजे आत चिकन आणि बाहेर गाय, असं होऊ शकतं. आपल्या मंडळींना हे सांगायलाच हवं. बिनआवरणाचं सॉसेज सुरक्षित: ते सेल्युलोजच्या नळीत भरून शिजवतात आणि नळी नंतर सोलून काढतात. ती नळी बनवणारी व्हिस्किंग कंपनी अर्विन फ्रॉइंड यांनी १९२५ साली शिकागोतच स्थापन केली. आज सुपरमार्केटमध्ये जी गुळगुळीत सॉसेज दिसतात ती बहुतेक त्या शोधाची देणगी.

कोणतं घ्यायचं ते ठरलं. वहिनींना पाकिटाचा फोटो पाठवला, त्यांनी घटक पदार्थ स्वतः वाचून होकार दिला.

७ जून, शनिवार

वेस्ट व्हर्जिनिया. मस्टर्ड, बीन्स नसलेला, खिम्याचा चिली सॉस, कांदा आणि सगळ्यात वर कोबीचा कोलस्लॉ. राज्याच्या दक्षिणेत आणि मध्यभागात स्लॉशिवाय हॉट डॉग पुरा मानत नाहीत, उत्तरेच्या चिंचोळ्या पट्ट्यात मात्र स्लॉ घालत नाहीत, आणि लोक नकाशावर ही सीमा आखून दाखवतात. गरम तिखट सॉस आणि त्यावर गार, गोडसर, करकरीत कोबी, हे मला सगळ्या प्रकारांत जास्त समाधान देणारं वाटतं.

कोबी किसायचा नाही, सुरीने अगदी बारीक चिरायचा. किसला की पाणी सुटतं. चिरलेल्या कोबीला मीठ लावून अर्धा तास ठेवायचा आणि घट्ट पिळायचा. मेयोनेज बिनअंड्याचं. थोडी साखर, व्हिनेगर, मिरपूड. आणि वाढेपर्यंत बर्फावर. याच्या मसूर आवृत्तीला मी आत्ताच पहिला नंबर देऊन टाकते.

१४ जून, शनिवार

सिएटलच्या मावसभावाशी बोलले. तिथे स्टेडियमबाहेर आणि रात्री क्लबांबाहेर गाड्या लागतात. भाजलेल्या पावाला क्रीम चीझचा थर, सॉसेज, तव्यावर तपकिरी केलेला कांदा, हवी तर हालापेन्यो. बस्स. शाकाहाऱ्यांसाठी काही बदलावंच लागत नाही. घेतला.

ऱ्होड आयलंड या वर्षी नाही. तिथले हॉट वीनर छोटे, लांब माळेतून कापलेले, म्हणून टोकं सपाट, वर मस्टर्ड, मांसाचा सॉस, कांदा, सेलरी सॉल्ट, आणि सोबत कॉफी मिल्क. दुधात कॉफीचं गोड सिरप घालतात, ते १९९३ पासून राज्याचं अधिकृत पेय आहे. डेट्रॉइटच्या इतकं जवळ जातं की दोन्ही शेजारी ठेवली तर लोकांचा गोंधळ होईल.

वॉशिंग्टनचा हाफ-स्मोकही टेबलावर नाही, कारण तिथे जाडसर दळलेलं, धुरावलेलं सॉसेज हाच पदार्थ आहे. पण फलकावर त्याला जागा देणार. यू स्ट्रीटवरचं 'बेन्स चिली बोल' १९५८ साली बेन अली आणि व्हर्जिनिया अली यांनी एका जुन्या मूकपट थिएटरच्या इमारतीत सुरू केलं. बेन अली त्रिनिदादहून आलेले, भारतीय वंशाचे. १९६८ साली मार्टिन ल्यूथर किंग यांच्या हत्येनंतर शहर पेटलं, संचारबंदी लागली, तेव्हा हे दुकान परवानगीने उघडं राहिलं आणि आंदोलक आणि पोलीस दोघांनाही जेवण मिळालं. अमेरिकेच्या राजधानीच्या सगळ्यात ओळखीच्या हॉट डॉगमागे आपल्याकडून गेलेल्यांचा वंशज आहे, हे आपल्या मुलांना माहीत असायला हवं असं मला फार वाटतं.

२८ जून, शनिवार

रंगीत तालीम. सहा शहरं: शिकागो, न्यूयॉर्क, डेट्रॉइट, सिनसिनाटी, वेस्ट व्हर्जिनिया, सिएटल. घरात सहा जणांची रांग लावून बघितली. शिकागोला वेळ लागतो, बाकीचे भराभर होतात. म्हणून शिकागोच्या टेबलावर दोन माणसं, एक मस्टर्डपासून कांद्यापर्यंत आणि दुसरा टोमॅटोपासून सेलरी सॉल्टपर्यंत.

पाव वाफवण्यासाठी आपला इडली कुकर बरा पडला. तळाशी पाणी, वर ताटली, झाकणाखाली कापड, अर्धा मिनिट. कापड नसेल तर झाकणाचं पाणी पावावर ठिबकतं. जास्त ठेवला तर कातडी सुरकुतते आणि खसखस गळते.

सॉसेज उकळत्या पाण्यात टाकायची नाहीत. पाणी हलकं थरथरत ठेवायचं, त्यात कांद्याची फोड, लसूण, सेलरीच्या बिया. शाकाहारी सॉसेज आधी तव्यावर दोन मिनिटं फिरवून मग पाण्यात, म्हणजे वरून रबरी लागत नाहीत. दोन्हींची पातेली वेगळी, चिमटे वेगळे. शाकाहारी चिमट्यांना हिरवी फीत बांधली.

१३ जुलै, रविवार

खरेदी. सॉसेज १० च्या पाकिटात, पाव ८ च्या. म्हणून ४० च्या पटीत घ्यायचं: सॉसेजची ४ पाकिटं आणि पावाची ५. प्रत्येकाने दोन-तीन शहरं चाखावीत म्हणून पाव अर्धा करून वाढणार, त्यामुळे चार पट, म्हणजे १६० पुरेत. खसखशीचे पाव बेकरीत आधीच सांगून ठेवले. स्पोर्ट पेपरच्या मोठ्या बरण्या घेतल्या. पांढरा कांदा दहा किलो. दुकानातल्या मुलीने दोनदा विचारलं.

उन्हाचं गणित: नाशवंत पदार्थ बाहेर दोन तासांहून जास्त नको, तापमान ३२ अंश सेल्सिअसवर गेलं तर एकच तास. गरम सॉस ५७ अंशांच्या वरच राहायला हवेत. स्लो कुकर नेणार, ग्रोव्हमध्ये वीज आहे याची खात्री करून घेतली. थर्मामीटर पिशवीत आत्ताच टाकला.

१९ जुलै, शनिवार

सहल. रात्रीचे साडेदहा वाजलेत, पाय दुखताहेत, तरी आजच लिहिते.

नऊला पोचलो. लेकीने काढलेला नकाशा दोन झाडांच्या मध्ये दोरीवर लावला, सहा शहरांवर सहा रंगीत ठिपके, प्रत्येक टेबलावर त्याच रंगाचा कागद. अकराला रांग लागली. सुरुवातीला सगळे शिकागोकडे. मग काकांनी डेट्रॉइटचा मसूर सॉसवाला घेतला आणि मोठ्याने वाखाणला, तशी रांग तिकडे वळली.

सगळ्यात आधी संपलं ते सिनसिनाटीचं मसूर पातेलं. मांसाहारी लोक सुद्धा तेच मागत होते. वेस्ट व्हर्जिनियाचा स्लॉ नंतर दीड तासात आटोपला. सिएटलकडे तरुण मुलंमुली जमली, त्यांना क्रीम चीझ हवंच होतं. न्यूयॉर्क मागे राहिलं. सॉवरक्राउटचा आंबूस वास बऱ्याच जणांना नवा होता, कांद्याचा सॉस मात्र लोकांनी बाकीच्या हॉट डॉगवरही घालून घेतला.

एका आजींनी शिकागोवर केचप मागितलं. शिकागोच्या टेबलावरच्या मुलाने माझ्याकडे बघितलं. मी मुलांच्या टेबलावरची बाटली आणून दिली. त्या ८१ वर्षांच्या आहेत, त्यांना हवं ते मिळालं पाहिजे.

वहिनींनी सहाही शहरं चाखली, अर्धा अर्धा पाव घेत. शेवटी ताट ठेवून म्हणाल्या, "पुढच्या वर्षी पण तूच कर."

२० जुलै, रविवार

उरलं ते: पाव थोडे, सॉवरक्राउट बरंच, रेलिश एक बरणी. चिकनचा सॉस दोन घरांत वाटला. स्लो कुकर परत केले. सेलरी सॉल्टच्या दोन्ही बाटल्या रिकाम्या.

पुढच्या वर्षासाठी: मसूर दुप्पट. स्लॉ दीडपट. न्यूयॉर्कला सॉवरक्राउट बाजूला वेगळ्या भांड्यात, ज्याला हवं त्याने घ्यावं. डेट्रॉइटच्या जागी ऱ्होड आयलंड करून बघायचं, कॉफी मिल्क मुलांना आवडेल. न्यू जर्सीचा इटालियन प्रकारही: नेवार्कच्या जिमी बफ्समध्ये १९३२ सालचा, जाड गोल पावाच्या अर्ध्या भागात तळलेले बटाटे, ढोबळी मिरची, कांदा. बटाटे-मिरची असल्यावर आपल्याकडच्या शाकाहाऱ्यांना सॉसेज असलं-नसलं तरी चालेल. पाव कुठे मिळतो ते शोधायचं, नाहीतर घरी भाजायचा. काकांनी बटाटे चिरायचं काम आत्ताच मागून घेतलंय.